डाव्या कडेला, अर्धा चेहरा

भाऊजी गेल्याचं मला कुणी फोन करून सांगितलं नाही, ते एका चित्रावरून कळलं. बाजारातून आणलेली मांदेली साफ करत मोरीपाशी बसले होते, दोन्ही हात खवल्यांनी बरबटलेले, आणि कट्ट्यावर ठेवलेला मोबाइल सारखा उजळत होता. शेवटी कोपराने सरकवून पाहिलं. माझ्या भाच्याने, नितीनने, स्टेटस ठेवलं होतं. निळंशार आकाश, ढगांवर दोन हंस, खाली गुलाबांची रास, आणि मधोमध त्याचे वडील, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. पण कसले भाऊजी... मिठागरावर पिढ्यान् पिढ्या रापलेल्या घरातला तो माणूस, काळाकुळकुळीत, गालांवर लहानपणीच्या देवीचे वण. चित्रात मात्र दुधात बुचकळून काढल्यासारखा गोरा, ओठ गुलाबी, वण पुसून टाकलेले. कोपऱ्यात गावातल्या एका पुढाऱ्याचा हात जोडलेला चेहरा, तो भाऊजींपेक्षा मोठा. मला रडू आलं नाही. खरं सांगते, आधी शिसारी आली. हात तसेच ठेवून मी किती तरी वेळ त्या हंसांकडे बघत बसले. मग नितीनचा फोन आला, "मावशी, बाबा गेले गं. पहाटे चहा घेतला आणि बसल्या बसल्या..." मी विचारलं, "ते चित्र कुणी केलं?" अशा वेळी असं विचारू नये हे मलाही कळतं. पण विचारलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो पाळला तर भाऊजीच तंबाखूची पिंक टाकून "काय खोटं लिवतंस" म्हणतील. मला हा माणूस आवडत नव्हता. कुंदाताई माझी थोरली बहीण. आमचं माहेर थळचं, तिला दिली उरणकडे. सासऱ्यांचं मिठागर होतं, मग बंदर आलं आणि मिठागर गेलं, आणि भाऊजी तिथल्याच एका कंटेनर यार्डात नोकरीला लागले. कंटेनरला तिकडे डबा म्हणतात. आलेल्या प्रत्येक डब्याभोवती फिरायचं, कुठे पोचा पडलाय, कुठे गंज चढलाय, कुठे भोक आहे ते लिहायचं आणि त्या त्या जागेचा फोटो काढायचा, हे त्यांचं काम. आधी कंपनीचा रिळाचा कॅमेरा, मग डिजिटल, मग मोबाइल. जन्मभर त्यांनी पोचे बघितले. घरी आले की खाटेवर आडवे व्हायचे, आणि खाटेखाली पत्र्याचा एक डबा असायचा, थुंकायला. तो डबा रोज सकाळी ताई धुवायची. मी पाहुणी म्हणून गेले की मला ते दिसायचं, आणि तिच्या हातचा चहा घशाखाली उतरायचा नाही. तिला एकदा म्हटलंसुद्धा, "तू का धुतेस?" ती हसली, "मग कोण धुवील?" एवढंच. तिला त्यात काही वाटत नव्हतं, आणि याचीच मला जास्त चीड यायची.

ताई गेली तेव्हा फुलं वाहायला फोटो हवा होता. घरभर शोधलं. कपाटं उपसली, गाद्या उलटल्या. लग्नातले दोन होते, ते पुरात भिजून एकमेकांना चिकटलेले, सोडवायला गेलं तर चेहऱ्याचा रंगच दुसऱ्या कागदावर गेला. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तुम्ही ते फोटो पाहिलेच असतील, त्यात माणूस माणसासारखा दिसतच नाही. पोलिसांनी पकडून आणल्यासारखी माझी बहीण हाराआडून बघत होती. आणि त्याच कपाटातून काय निघालं असेल? बुटांच्या खोक्यांत रचलेल्या सीड्या, पाकिटात भरलेले फोटो, सगळे डब्यांचे. डब्याची डावी बाजू, उजवी बाजू, दार, छप्पर, पोचा जवळून, पोचा लांबून. माझं डोकं फिरलं. सांत्वनाला आलेल्या बायकांसमोर मी म्हणाले, "भाऊजी, जन्मभर पत्र्याचे फोटो काढलेत, आणि बायकोचा एक नाही?" ते खाली बघत बसून राहिले. तोंडात तंबाखू होती, ती थुंकायलासुद्धा उठले नाहीत. मी तो शब्द आजही मागे घेत नाही.

पुढे काही महिन्यांनी ते अलिबागला माझ्या दारात उभे राहिले. करंज्याहून लाँचने रेवसला, तिथून एसटीने. हातात कापडी पिशवी, अंगाला घामाचा आणि डिझेलचा वास. पाणी दिलं, ते घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "रेखा, तुज्या लग्नाचा अलबम हाय ना? जरा बगू दे." मला वाटलं, म्हातारपणी काही तरी खूळ. अल्बम आणून दिला. त्यांनी चष्मा चढवला आणि पान पान असं बघायला लागले की, माझ्याकडे, नवऱ्या मुलाकडे, भटजींकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बोट फिरत होतं ते फोटोच्या कडेकडेने. डब्याचा पत्रा तपासावा तसं. एका ठिकाणी थांबले. "हा बग." पंगतीचा फोटो होता. कडेला एक वाकलेला हात, हातात भाताचं पातेलं, आणि हिरव्या साडीचा काठ. "ही कुंदा." मी म्हटलं, कशावरून? "पाटली बग. चेपलेली हाय. ती पाटली मीच चेपली होती, दाराखाली सापडून." पुढच्या पानावर ती पुन्हा निघाली, माझ्या सासूबाईंच्या मागे, अर्धा चेहरा. मग पाठमोरी, बालदी घेऊन जाताना. सख्ख्या बहिणीच्या लग्नात सख्खी बहीण सगळा दिवस वाढत होती, आणि फोटोवाल्याला ती मधे येत होती म्हणून त्याने तिला कापलं होतं! ज्या लग्नाच्या आठवणी मी इतकी वर्षं कौतुकाने काढत आले, त्या लग्नाचाच मला त्या दुपारी उबग आला.

ते फोटो घेऊन ते गेले. नंतर कळलं की, त्यांनी हा सपाटाच लावलाय. थळला आमच्या भावाकडे, पेणला ताईच्या चुलत नणंदेकडे, उरणच्या आसपासच्या गावांत जिथे जिथे ताई कधी लग्नाला, बारशाला, साखरपुड्याला गेली असेल तिथे तिथे जायचं आणि अल्बम मागायचा. लोक कंटाळले. कुणी दारातूनच परत पाठवलं, कुणी म्हणालं अल्बम रद्दीत दिला, आता सगळं मोबाइलवर. एका घरी तर चहा देऊन तोंडावर सांगितलं, "आमच्या फोटोत तुमची बायको कशाला असेल?" हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना थुंकले. त्या एका वेळी मला त्यांच्या थुंकण्याचं काही वाटलं नाही.

पावसाळा संपता संपता नितीनच्या बायकोचा, स्मिताचा फोन आला. "मावशी, तुम्ही एकदा याच. बाबांची खोली मला बघवत न्हाय." मी गेले. दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. आंबलेल्या खळीचा वास, तंबाखूचा वास, त्यात कुठे तरी सुकटीचा. खाटेवर, खुर्चीवर, जमिनीवर फोटो. खळीच्या वाटीत झुरळ मेलेलं. एका लग्नाच्या फोटोवर आमटीचा पिवळा डाग, दुसऱ्यावर पालीची घाण. घरची मंडळी काही बोलली की ते दार लावून घ्यायचे, म्हणून कुणी झाडलेलंही नव्हतं. या सगळ्याच्या मधे एक झगमगीत खोकं. स्मितानेच ऑनलाइन मागवलं होतं, सासऱ्यांना छंद लागलाय म्हणून. स्क्रॅपबुकचं सगळं सामान त्यात होतं. चकाकी लावलेले कागद, बदामाचे स्टिकर, लेसच्या पट्ट्या, नागमोडी कापणाऱ्या कात्र्या, इंग्रजी अक्षरं. नवशिक्याला काय काय लागतं त्याची यादी कुणी तरी केली असणार, आणि त्यातलं काहीही या माणसाला लागत नव्हतं. पण आणलंय म्हणून त्यांनी पहिलं पान केलं होतं. मधे ताईचा अर्धा चेहरा, नागमोडी कापलेला, भोवती लाल बदाम, वर सोनेरी पट्टी, आणि खाली 'हॅपी बर्थडे'. त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं. तेच म्हणाले, "मंडपाच्या कमानीवानी झालंय. घान." मग पान फाडायला लागले, तर मी त्यांचा हात धरला, कारण तो फोटो मूळ होता, एकुलता, आणि त्यावर त्यांनी मागून खळ थापली होती.

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली आहे. समुद्राच्या हवेत कागद कसा मरतो ते मी पाहिलंय. त्याला दमट हवा फुगवते, बुरशी चढते, आणि खळ असेल तिथे कसर येऊन जेवते. मी पदर खोचला आणि त्यांना सांगितलं, "आजपासून चिकटवणं बंद. गोंद, खळ, कात्री, सगळं बाहेर. जेवण या खोलीत नाही. आणि तंबाखूसुद्धा नाही." ते "व्हय" म्हणाले. मला वाटलं होतं भांडतील. स्मिता आणि मी मिळून खोली धुतली. जे निघालं ते सांगत नाही, तुम्ही नाश्ता करता करता वाचत असाल. टेबल कोरडं केलं, खिडकीशी ओढलं. साड्यांची रिकामी खोकी आणली, तळाला जुनं सुती कापड, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला. मूळ फोटोला हात लावायचा नाही, त्याच्या प्रती काढायच्या आणि प्रतीच लावायच्या, त्याही काळ्या कागदी कोपऱ्यांनी. मागे पेनने लिहायचं नाही, पेन्सिलने. आणि सगळ्यात आधी, लावण्याच्याही आधी, वर्गवारी. नवशिका माणूस इथेच फसतो. त्याला पहिल्या दिवशी पहिलं पान सुंदर करायचं असतं. आधी आपल्याकडे आहे तरी काय हे बघायचा त्याला कंटाळा येतो, किंवा भीती वाटते.

सालानुसार लावा म्हटलं तर साल आठवेना. कुणाचं लग्न, यावर लावा म्हटलं तर म्हणाले, "लग्न त्यांचं. फोटो हिचे हायत." बराच वेळ एकेक फोटो हातात घेऊन बसले, मग आपल्याच मनाने ठेवायला लागले. वाढताना, एका खोक्यात. कुणाचं तरी पोर कडेवर, दुसऱ्या खोक्यात. पाठमोरी, तिसऱ्या. नुसता हात, चौथ्या. मी आणि स्मिता बघत राहिलो. 'वाढताना'चं खोकं भरलं, त्याचं झाकण लागेना. 'नुसता हात'सुद्धा भरत आलं. एक खोकं त्यांनी समोर ओढून ठेवलं होतं, त्यात काहीच पडत नव्हतं. स्मिताने विचारलं, "बाबा, हे कशाचं?" ते म्हणाले, "समोर बगते ते." दुपार उलटली तरी त्यात फक्त आधार कार्डाचा तो फोटो पडला होता. त्यांनी खोक्यात एकदा पाहिलं, उठले, मोरीवर गेले आणि भडाभडा ओकले. मला वाटलं तंबाखू सोडल्यामुळे होतंय. तोंड धुऊन आले, खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "पोच्याचं काय हाय रेखा, त्यो जवळून काढतात नायतर कंपनी पैसं कापते. हिच्यापायी कोन काय कापणार होतं? मना माजीच किळस येते." मी त्यांची समजूत घातली नाही. तुमची चूक नाही, तेव्हाचा काळच तसा होता, असं म्हणता आलं असतं. पण काळ तसा होता म्हणजे काय? काळाच्या हातात कॅमेरा नव्हता, तो यांच्या हातात होता. मी चहा टाकला. चहा पिऊन ते पुन्हा टेबलाशी बसले.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिले. प्रती काढण्यासाठी त्यांनी फोटो गावातल्या एका स्टुडिओत दिले. एक त्यातला त्यात बरा होता, पेणच्या साखरपुड्यातला, तीन बायकांच्या मागून ताईचा जवळजवळ सगळा चेहरा दिसणारा. स्टुडिओवाल्याने उत्साहाने काम केलं. त्या तीन बायका पुसून टाकल्या, ताईला पुढे आणलं, गोरी केली, कपाळावरचा घाम काढला, गळ्यात मोत्यांचा हार घातला, आणि ओठ जरा वर उचलून तिला हसवलं. नितीनने तो आणला, फ्रेम केला आणि बाहेरच्या खोलीत लावला. मी त्या दिवशी तिथेच होते. भाऊजी बाहेर आले, चष्मा लावून फ्रेमपुढे उभे राहिले आणि शांतपणे विचारलं, "ही कोन?"

"आई," नितीन म्हणाला. "एकदम क्लीन केलाय बघा."

"मी हिला वळखत न्हाय."

"बाबा, घरी लोक येतात, पार्ट्या येतात. माझा ट्रेलरचा धंदा आहे. आई चांगली दिसायला नको?"

"ती घान दिसत होती काय रे?" एवढं बोलून त्यांनी फ्रेम काढली आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवली. नितीनने दुसऱ्या दिवशी परत लावली. त्यांनी परत काढली. असं चाललं. नितीन वाईट मुलगा नाही, आईवर त्याचा जीव होता. पण त्याला आई गोरी हवी होती, आणि हे त्याला स्वतःला कळतसुद्धा नव्हतं. मी त्याच्याशी बोलले तर म्हणाला, "मावशी, तू उगाच टेन्शन घेते. सगळेच करतात." सगळेच करतात हे खरंच आहे. हल्ली कुणाच्याही घरी भिंतीवर बघा, मेलेली माणसं जिवंतपणी कधी नव्हती इतकी तुकतुकीत दिसतात.

मग भाऊजींच्या मनाने एक घेतलं. ताई एकदा यार्डाच्या फाटकाशी जेवणाचा डबा घेऊन आली होती. त्या दिवशी ते तो घरी विसरले होते. ती उन्हात उभी होती आणि ते समोरच्या डब्याचे फोटो काढत होते. एखाद्या फोटोत ती मागे आली असणार, नक्की आली असणार, असं त्यांच्या डोक्यात बसलं. त्यांनी त्या सगळ्या सीड्या काढल्या. स्मिताच्या भावाकडून जुना कॉम्प्युटर आणवला आणि रोज सकाळी आंघोळ करून त्यापुढे बसायला लागले. स्क्रीनवर एकेक पत्रा, एकेक पोचा, गंजाचे ओघळ. मी एकदा शेजारी बसून पाहिलं. निळा पत्रा, लाल पत्रा, तपकिरी पत्रा... त्यात माणूस असा नाहीच. कुठे तरी एखाद्या कामगाराचा बूट, कुठे भाऊजींची स्वतःची सावली, कॅमेरा धरलेली. आम्ही सगळे मनातून म्हणत होतो, सापडू दे. हिवाळा गेला. एक दिवस मला फोन आला, "झालं. संपल्या." मी विचारलं, सापडली का? "न्हाय. त्या दिशीबी मी पत्राच काढला." भंगारवाल्याला बोलावून त्यांनी त्या सीड्या उचलायला लावल्या आणि दारात उभं राहून टेम्पो गल्लीबाहेर जाईपर्यंत बघत होते, असं स्मिता म्हणाली.

त्यानंतर वही पूर्ण व्हायला वेळ लागला नाही. साधी, जाड पानांची, काळ्या कागदाची चित्रकलेची वही. बदाम नाहीत, लेस नाही. एका पानावर एक फोटो आणि खाली पांढऱ्या पेन्सिलीने ओळ. ओळी मी सांगते म्हटलं होतं, मला चार चांगले शब्द लिहिता येतात, असं वाटत होतं. त्यांनी ऐकलं नाही. तीस-पस्तीस वर्षं डब्यांचं जसं लिहिलं तसंच लिहिलं. 'डाव्या कडेला. अर्धा चेहरा. थळचं लग्न. डोकं दुखत होतं तरी गेली.' 'फक्त हात. भात वाढताना. पाटली चेपलेली, चेपणारा मी.' 'पाठमोरी. बालदी भरलेली. उचलायला कोणी नाही.' मी वाचत गेले आणि शेवटच्या पानापाशी मला थांबवेना म्हणून अंगणात गेले. खार्‍या वाऱ्यात उभी राहिले. माझ्या बहिणीविषयी इतकं खरं आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं, आणि बोलायला माणूस निघाला तो हा.

आणि मग भाऊजी गेले. तेराव्याला मी उरणला पोचले तर नाक्यावर तोच हंसांचा फ्लेक्स, पुढाऱ्यासकट. घरी मांडव, खुर्च्या, पंगत. बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोत्यांचा हार घातलेली ती गोरी बाई हसत होती, आता तिला काढणारं कुणी नव्हतं. जेवणं झाल्यावर कुणी तरी ती काळी वही बाहेर आणली. हातोहात फिरायला लागली. मला वाटलं, आता लोक बघतील. लोकांनी बघितलं! प्रत्येकाने स्वतःला शोधलं. "अगं बाई, ही मी! किती बारीक होते!" "ह्यो बग आपला बाळा, केस होते तवा." खिरीची बोटं काळ्या कागदावर उमटत होती. कुणी मोबाइलने स्वतःपुरताच भाग टिपून घेत होतं. भाऊजींची चुलत बहीण नमीआत्या, तिच्या लग्नातला एक फोटो त्यात होता. तिने नखाने कोपरे उचकटून तो काढला आणि पर्समध्ये टाकायला लागली, "माज्याकडं हा न्हायच." मी नितीनकडे बघितलं. तो म्हणाला, "घे ना आत्या. आईचं काय आहे त्यात, हातच तर आहे." मला त्या क्षणी त्या मांडवातून, त्या पंगतीतून, त्या सगळ्या गोतावळ्यातून उठून चालतं व्हावंसं वाटलं.

बोलली ती स्मिता. पंगत वाढून आली होती, हातात रिकामं पातेलं. सासरच्या माणसांपुढे ती कधी मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. "आत्या, तो परत ठेवा." नमीआत्या म्हणाली, "अगं, माजा फोटो हाय." स्मिता म्हणाली, "तुमाला ह्याची दुसरी प्रत मी काढून देते. हा आईंचा हाय. ह्याचा मूळ फोटो बाबांनी तुमच्याच दाराशी येऊन मागून नेला. ठेवा." नितीन काही तरी बोलायला गेला आणि बायकोच्या तोंडाकडे बघून थांबला. आत्याने फोटो पर्समधून काढून ताटाशेजारी ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा टाकला. स्मिताने पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, फोटो उचलला, वही मिटली आणि दोन्ही आत घेऊन गेली. त्या दुपारी नितीन वडिलांच्या खोलीत बराच वेळ बसून होता असं तिने मला नंतर सांगितलं. भिंतीवरची गोरी बाई मात्र अजून तिथेच आहे. मी खोटं लिहिणार नाही.

गेल्या आठवड्यात स्मिता माझ्याकडे आली, एकटीच, लाँचने. जेवली, भांडी घासू लागली, मी नको म्हटलं तरी. मग पिशवीतून साडीचं एक खोकं काढलं आणि जरा लाजत म्हणाली, "मावशी, माझेपण लावून ठेवायचे हायत. मी जिवंत असतानाच." आम्ही टेबल पुसून कोरडं केलं आणि खिडकीशी बसलो. माहेरचे, लग्नाचे, कुणाकुणाच्या हळदीतले, मोबाइलवरून छापून आणलेले. तिने एक उचलला आणि तोंड वाकडं केलं. चुलीपुढे बसून ती वडे तळत होती, कपाळावरून घाम निथळतोय, केस चिकटलेले, एक डोळा धुराने मिटलेला, आणि तो अर्ध्याहून जास्त फोटो दुसऱ्याच कुणाचा. "शी! काय घाण दिसते मी. हा नको." तिने तो बाजूला टाकला आणि दुसरा घेतला. दुसरा बघता बघता थांबली. हात मागे नेऊन तो टाकलेला फोटो पुन्हा उचलला, उजेडात धरला, त्याच्या कडेकडेने बोट फिरवलं.

"बाबांनी हा टाकला नसता," ती म्हणाली, आणि तो तिने सगळ्यांच्या वर ठेवला.